चौथऱ्यावर उभ्या राहणाऱ्या ताईंना

ताई,

पोर्टफोलिओ जमा झाला, ज्युरीही, म्हणजे परीक्षकांपुढची तपासणीही, पार पडली. शेवटच्या पानावर मी सरांचे, वर्गातल्या सोबत्यांचे, अगदी चारकोलच्या कांड्या उसन्या देणाऱ्या मैत्रिणीचेही आभार मानले. तुमचं नाव घालू का विचारलं तर तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. ‘लिहायचंच असेल तर नावाशिवाय लिही.’ म्हणून हे उघडं पत्र. लाइफ ड्रॉइंगच्या, म्हणजे जिवंत माणूस समोर ठेवून चित्र काढायच्या, वर्गात कधी पोझ दिलेल्या कुणीही ते आपल्यालाच आलंय असं खुशाल समजावं, पण यातलं बोलणं तुमचं आहे.

पहिलं सत्र निर्जीव वस्तूंचं होतं. घन, शंकू, बाटल्या, खुर्चीवर टाकलेली चादर. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांची पट्टी, दोन बिंदूंचं यथार्थदर्शन (लांब जाणाऱ्या रेघा दोन बिंदूंकडे मिळत जातात ते), खुर्ची न काढता तिच्या दांड्यांमधली मोकळी जागा तेवढी काढायची, अशा असाइनमेंट. कंटाळा यायचा, पण बाटली जागची हलत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून सगळं उरकता यायचं. तुम्ही आलात आणि ही सोय संपली.

सुरुवात तीस सेकंदांच्या पोझने. सर घड्याळ लावायचे, आम्ही डोक्याचा गोल काढून नाकापर्यंत पोचतो न पोचतो तोच तुम्ही पुढच्या पोझमध्ये गेलेल्या असायचात. ‘आधी कृती पकडा, तपशील नंतर,’ हे सरांचं पालुपद. पण कृती म्हणजे नेमकं काय पकडायचं, हे कुणालाच उमगत नव्हतं. शीटभर नाकडोळ्यांसकट डोकी, आणि त्यांखाली दोन-चार बिचकलेल्या रेघा.

मधल्या सुट्टीत तुम्ही शाल पांघरून ईझलांमधून, म्हणजे आमचे कागद लावलेल्या तिकाट्यांमधून, एक फेरी मारायचात. मॉडेलने चित्रांवर बोलायचं नाही असा बऱ्याच ठिकाणी अलिखित संकेत असतो म्हणे. तो तुम्ही मोडलात हे फार बरं झालं. माझ्या शीटपुढे थांबून तुम्ही म्हणालात, ‘माझा सगळा भार डाव्या पायावर होता. तुझ्या कागदावर तो कुठेच नाही.’ मी लगेच बाजू मांडायला लागले: कोपर ताठ, एक डोळा मिटून पेन्सिलीने मोजलंय, उंचीत डोकं साडेसात वेळा बसतंय. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. ‘बसत असेल. आता तू तशी उभी राहा बघू.’

सगळ्यांदेखत उभं राहायचं म्हणजे संकोच आलाच, पण राहिले. डाव्या पायावर भार टाकला तशी कंबर डावीकडून वर ढकलली गेली, उजवा गुडघा आपसूक सैल पडला, आणि तोल सावरायला डावा खांदा खाली उतरला. कमरेची आणि खांद्यांची रेघ अशी उलटसुलट कललेली मी ग्रीक शिल्पांच्या फोटोंत पाहिली होती, परीक्षेत तिचं नावही लिहिलं होतं. अंगाला ती पहिल्यांदा त्या दिवशी कळली. सरांनी मग त्यात भर घातली: गळ्याखालच्या खळगीतून ओळंबा सोडा, तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्यापाशी उतरेल. पुढच्या पोझला मी नाक काढलंच नाही. ती एक उभी रेघ, कमरेचा एक कल, खांद्याचा एक कल, आणि वेळ उरला!

तेव्हापासून प्रत्येक असाइनमेंटच्या आधी मी ती पोझ स्वतः घेऊन बघते. बसलेली आकृती असली तर बसून. खुर्चीचा काठ मांडीत कुठे रुततो, टेकलेल्या हाताचा खांदा कसा कानाकडे सरकतो, हे नुसतं बघून मला आजही पटकन दिसत नाही. कपड्यांच्या चुण्यांचंही तसंच. पहिल्या सत्रात मी चादरीची प्रत्येक चुणी इमानाने नक्कल करत होते. तुम्ही एकदा बाही खांद्यापाशी चिमटीत धरून हात वर नेलात आणि सगळ्या चुण्या त्या एका जागेकडे ओढल्या गेल्या. कापड जिथे अडकतं किंवा ताणलं जातं तिथून चुण्या निघतात, हे मला तुमच्या बाहीने शिकवलं. माझ्या मते छटांच्या पट्टीआधी हेच शिकवायला हवं, पण अभ्यासक्रम ठरवणारी मी कोण!

दुसरी एक गोष्ट मात्र चौथऱ्यावरूनच दिसू शकते. कागदाकडे न बघता केवळ मॉडेलवर नजर ठेवून, हात न उचलता बाह्यरेषा काढायची असाइनमेंट होती. ती संपल्यावर तुम्ही हसत म्हणालात, ‘आज पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.’ एरवी कोण किती वेळ मान खाली घालून असतं, कोण एकदा बघून पाच मिनिटं मनानेच रेघा ओढतं, हे तिथून तुम्हाला स्वच्छ दिसायचं. त्यानंतर मी ईझल फिरवून घेतलं. तुम्ही आणि कागद एका नजरेत येतील असं, मान न वळवता.

लांब पोझचं तर काय सांगू. वीस मिनिटं उभं राहायचं, थोडी विश्रांती, पुन्हा तीच पोझ. पायांभोवती खडूने खुणा केलेल्या, म्हणजे पावलं परत जागेवर येतात. पण शरीर तेच राहत नाही. हळूहळू हनुवटी उतरते, पोटाकडून अंग खचतं, आणि पहिल्या दहा मिनिटांत काढलेला खांदा शेवटी चूक दिसायला लागतो. आमच्यातले काही यावर कुरकुरायचे. मी घरी तशी स्थिर उभी राहून पाहिलं आणि पायांना मुंग्या आल्या. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. न हलता उभं राहिलं की ते पायांतच साचायला लागतं, काहींना चक्करही येते. तुम्ही गुडघे कधीच पूर्ण ताठ करत नाही, त्यामागे हेच कारण होतं. मग मी अंतिम शीटवर खचलेलाच खांदा ठेवला. ज्युरीत त्याबद्दल विचारलं, तेव्हा जे खरं होतं ते सांगितलं: वीस मिनिटांनंतरचा खांदा आहे. एक परीक्षक त्या शीटपुढे बराच वेळ थांबले होते. गुण मात्र त्यांनी छटांना दिले.

फ्रेंच चित्रकार सुझान व्हालादोंबद्दल तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. कलेच्या इतिहासाच्या निबंधासाठी मी तिचा विषय घेतला तो तुमच्यामुळे. जन्म १८६५ चा, घरची गरिबी. सर्कशीत काम करायची, तिथे पडून जखमी झाल्यावर पॅरिसमध्ये मॉडेल झाली. चित्रकार रेन्वारच्या १८८३ मधल्या ‘बुजिव्हालचं नृत्य’ या चित्रात नाचणारी बाई तीच. ती कुठल्याही कलाशाळेत गेली नाही. पोझ देता देता चित्रकारांचं काम बघत राहिली आणि स्वतः रेखाटत राहिली. चित्रकार देगाने तिची रेखाटनं विकत घेतली आणि तिला उत्तेजन दिलं. तिने काढलेल्या बायका नीट बघा, ताई. त्यांचा भार कुठे आहे ते लगेच कळतं. तुम्ही वहीत मागच्या पानांवर काहीतरी काढत असता हे मी दोनदा पाहिलंय. विचारणार नाही, पण दाखवलंत तर आवडेल.

तुम्ही पसंत केलेलं पाठमोरं रेखाटन सरांकडे ठेवलंय, तुमच्या पुढच्या वर्गाला मिळेल. चारकोलचं आहे. फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल धरून ठेवणारा फवारा, मारलंय, तरी बोट फिरवलं तर पुसट होईल. फ्रेम करणाऱ्याला आठवणीने माउंट, म्हणजे कागदाभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगा. काच कागदाला टेकली तर चारकोल काचेला लागतो. खाली कोपऱ्यात माझी सही आहे. तिच्या शेजारी जागा सोडली आहे, तिथे तुमची करा.

तुमची,
खिडकीजवळच्या ईझलवरची मुलगी