लॉगबुकातले खोटे आकडे: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

नर्सिंगच्या परीक्षेत कॉपी सापडली की कॅमेरे आणि भरारी पथकांची चर्चा सुरू होते. 2023 साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग संस्थांनी 7600 हून अधिक बनावट पदविका विकल्याचे उघड झाले, तेव्हा तर जगभर बातम्या झाल्या. पण मी नर्सिंग शिकवते, आणि मला धास्ती वाटते ती विद्यार्थ्यांच्या लॉगबुकांची, म्हणजे वॉर्डात केलेल्या कामाच्या नोंदवह्यांची.

महिनाभराच्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच पेनाने उतरवलेल्या असतात. टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसनाचा तक्ता, उघडावा तर रुग्ण कुणीही असो, श्वसनाचा आकडा 20. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा असतो. तेवढा वेळ पलंगाशी कुणी थांबलेलेच नसते. रुग्ण खालावू लागला की अनेकदा सर्वांत आधी बदलतो तो हाच आकडा! गेल हिल्बर्ट यांनी 1985 मध्येच नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून वर्गातली लबाडी आणि वॉर्डातली लबाडी यांचा संबंध दाखवला होता.

मुले मुळात खोटारडी आहेत, असे मला वाटत नाही. इतकी इंजेक्शने, इतके कॅथेटर, इतकी ड्रेसिंग्ज असा कोटा आपण ठरवून देतो. वॉर्डात एका प्रोसीजरभोवती अख्खी बॅच उभी असते आणि हात लागतो एकीचा. बाकीच्यांनी काय लिहायचे? कोटा भरला नाही तर परीक्षेचा फॉर्म अडतो. म्हणजे खरे लिहिणारी मागे राहते आणि खोटे लिहिणारी पुढे जाते. सह्याही शेवटच्या आठवड्यात गठ्ठ्याने होतात. त्यात आम्ही शिक्षकही सामील आहोत, हे स्पष्टच लिहिते.

म्हणून लॉगबुकात ‘संधी मिळाली नाही’ असा रकाना द्या आणि तो भरला म्हणून कुणाला अडवू नका. राहिलेले काम स्किल लॅबमध्ये, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायच्या प्रयोगशाळेत, आणि पुढच्या पोस्टिंगमध्ये करून घेता येते. सही त्याच पाळीत, काम डोळ्यांनी पाहिलेल्या व्यक्तीचीच हवी. चुकलेला डोस स्वतःहून सांगणाऱ्या विद्यार्थिनीला शिक्षेचे भय नको. मात्र रुग्णाच्या कागदावर न मोजलेला आकडा लिहिला, तर त्याची चौकशी परीक्षेतल्या कॉपीपेक्षा कडक व्हावी.

पुढच्या वर्षाची लॉगबुके छापायला जाण्यापूर्वी याचा निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली,
एक नर्सिंग ट्यूटर