तरुणांसाठी ऑनलाइन उद्योग मासिक : रविवारी पहिली बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

आपल्या मासिकाची पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आहे. बाहेरगावच्यांना व्हिडिओ कॉलची लिंक शनिवारी मिळेल. पहिला अंक दिवाळी पाडव्याला, वहीपूजनाच्या दिवशी काढायचा आहे.

पहिल्या अंकाचा विषय : उधारी. नवा धंदा बहुतेकदा इथेच अडकतो. माल जातो, बिल जातं, पैसे येत नाहीत. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादक वा सेवा देणाऱ्यांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? या कायद्याचा फायदा मिळण्यासाठी लागणारी ‘उद्यम’ ही उद्योगाची नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तरीही एजंट पैसे घेतात, म्हणून तिची पायरीवार माहिती अंकात हवीच.

लेख देणाऱ्यांसाठी :
- मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाइलवर अगम्य दिसतो आणि अनेकदा पुन्हा टाइप करावा लागतो.
- मुलाखतीत आकडे हवेत : भांडवल किती, पहिलं गिऱ्हाईक कुठून आलं, वसुलीला किती दिवस लागले. छापण्याआधी त्या माणसाची संमती घ्या.
- ‘घरबसल्या लाखो कमवा’ छापाचं काहीही घेतलं जाणार नाही. वाचक विशीतले आहेत, त्यांचे पैसे बुडता कामा नयेत.
- फोटो स्वतः काढलेलेच द्या.

मुद्रितशोधनासाठी दोघे आणि हिशेबाला एक जण हवा आहे. तयारी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.