नानाकाकांची पोस्ट मी बदललीये

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण परवा बाबांचा आवाज ऐकला आणि माझ्याच्याने पुढे बोलवेना, म्हणून लिहितेय. आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते, नाहीतर ती तुम्हाला आत्याकडून कळेल. नानाकाका हरवले त्या रात्री टाकलेली पोस्ट मी काल काढून टाकली. आई, तुझा तो व्हिडिओ पण काढून टाकला. त्याजागी नवीन पोस्ट आहे, तपास करणाऱ्या साहेबांना दाखवून मगच टाकली. तिच्यात पोलीस स्टेशनचा नंबर, तक्रार नंबर आणि एका नवीन सिमचा नंबर आहे, ते सिम मी आणि दादा आळीपाळीने सांभाळतोय. बाबांचा नंबर नाही, घरचा पत्ता नाही.

तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा नाही म्हणाले असते आणि मग मी केलं नसतं, आणि रात्री अडीचला पुन्हा तसला फोन आला असता. पैसे गेले त्याचं मला काही नाही हो बाबा, खरंच नाही, तुमच्या जागी मी असते तर मी पण पाठवले असते, "तुमचा माणूस माझ्याकडे आहे, दवाखान्याचे पैसे लगेच टाका" असं कुणी म्हटल्यावर कोण थांबून विचार करतं. पण त्यानंतर तुम्ही उजाडेपर्यंत दारात बसून राहिलात हे आईने सांगितलं तेव्हा मी ठरवलं. असले लोक अशा पोस्ट शोधतच बसलेले असतात. घरच्या माणसाचा नंबर आणि घाबरलेला आवाज, एवढं त्यांना पुरतं.

आई, व्हिडिओबद्दल तुला वाईट वाटणार, मला माहितीये. तो इतक्या लोकांनी बघितला, इतक्यांनी हात जोडले, म्हणून तुला वाटतंय की तोच कामाचा होता. पण मी सगळ्या कमेंट वाचल्या, दोन रात्री बसून. नानांना कुठे पाहिलं असं लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे विचारत होते की घरात भांडण झालं होतं का, वहिनी नीट वागत नसेल, आणि असं बरंच, जे मी तुला वाचू देणार नाही. तू बोलता बोलता ते अंथरुणाचं पण बोलून गेलीस ना. तुझं काही चुकलं नाही, तुला त्या वेळी काही सुचत नव्हतं. पण नाना परत आले की त्यांना याच लोकांत वावरायचंय. कायम इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस तो. म्हणून मी आजाराचं नाव लिहिलंच नाही, इतकंच लिहिलं की गोंधळलेले वाटतील, नावाने हाक मारली तरी ओ देतीलच असं नाही, हात न धरता शेजारी थांबा, गोड बोला आणि पोलिसांना फोन लावा. शोधणाऱ्याला एवढंच लागतं.

फोटो पण बदललाय. लग्नातला फेट्यातला फोटो तुम्हाला आवडतो, पण त्यात ते ओळखूच येत नाहीत, आणि तो आठ वर्षांपूर्वीचा आहे. दादाने दिवाणखान्यात काढलेला घेतलाय, समोरून, चष्म्यासकट. चुलतभावाने मोबाईलवर फोटो "साफ" करून पाठवला होता तो मुद्दाम नाही घेतला, त्यात चेहराच वेगळा होतो. आणि फोटोवरच तारीख टाकलीये, कधी हरवले आणि पोस्ट कधीची, कारण लोक खालचं लिहिलेलं सोडून नुसता फोटो पुढे ढकलतात आणि तो वर्षानुवर्षं फिरत राहतो, माणूस घरी येऊन बसला तरी. नाना सापडले की त्याच दिवशी आपण "सापडले, आता पुढे पाठवू नका" टाकायचं, आणि थोड्या दिवसांनी नाव-फोटो सगळं काढून टाकायचं. हे मी आत्ताच लिहून ठेवतेय म्हणजे आनंदात विसरायला नको.

आता बाबा, त्या कॅमेऱ्यातल्या क्लिपचं. तुम्ही माझ्यावर रागावलात, फोन ठेवून दिलात, मला राग नाही आला. नानांच्या शेजारून चालणारा तो निळ्या शर्टातला माणूस तुम्हाला डोळ्यासमोरून हलत नाही, माझ्या पण नाही. पण तो नुसता त्या रस्त्याने जात असेल तर? क्लिप मी पोलिसांना दिलीये, पूर्ण, न कापता. लोकांत नाही टाकणार. 2013 मध्ये बॉस्टनला मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा ऑनलाइन लोकांनीच ठरवून टाकलं की फोटोतला संशयित म्हणजे एक महिनाभर बेपत्ता असलेला विद्यार्थी, आणि त्याच्या घरच्यांनी त्याला शोधायला काढलेल्या पेजवर इतक्या शिव्या आल्या की त्यांना ते पेज बंद करावं लागलं. मुलाचा स्फोटाशी काही संबंध नव्हता, नंतर त्याचा मृतदेह सापडला. आणि आपल्याकडचं तर तुम्हाला मी सांगायला नको, 2018 चं धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, मुलं पळवणारे समजून पाच जणांना मारलं, तुम्ही दोन दिवस पेपर उघडला नव्हतात. त्या वेळी फिरणारा एक व्हिडिओ तर मुलं हरवण्याबद्दल लोकांना जागं करायलाच कराचीत बनवलेला होता, कुणीतरी शेवटचा भाग कापला आणि खरं अपहरण म्हणून पाठवला. निळ्या शर्टवाल्याच्या घरी पण कुणी वाट बघत असेल बाबा.

आई, ग्रुपवर येणारी प्रत्येक "हरवले आहेत" पोस्ट तू आता पुढे पाठवतेस, मला कळतं का पाठवतेस, आपण केलं तर आपल्यालाही कुणी करेल असं तुला वाटतं. पाठव, पण आधी बघ तारीख आहे का, पोलिसांचा नंबर आहे का. नुसता खाजगी नंबर असेल तर थांब. गेल्या आठवड्यात तू त्या तरुण बाईची पाठवलीस, "रागाने घर सोडून गेली, दिसल्यास नवऱ्याला कळवा". ती मारहाणीतून सुटून गेलेली असू शकते ना गं. मोठी माणसं स्वतःहून पण निघून जातात, आणि पोलीस अशा वेळी ती सुखरूप आहे एवढंच घरी सांगू शकतात, पत्ता देत नाहीत, ते बरोबरच आहे. आणि कमेंट बंद असलेल्या पोस्टला तर हातच लावू नकोस, हरवलेल्या बाळाचा फोटो टाकतात, लोक भरभरून शेअर करतात आणि मग तीच पोस्ट बदलून भाड्याच्या घराची जाहिरात करतात.

उशीर झाला म्हणून स्वतःला बोल लावणं बाबा बंद करा. चोवीस तास थांबायचं असतं असं शेजारच्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही थांबलात, सगळ्यांना तसंच वाटतं. तसा नियम नसतो, असल्या दुखण्यात तर लगेच कळवायचं असतं, पण तुम्हाला ते कोण सांगणार होतं. पुढचं बघू. विस्मरण झालेली माणसं बऱ्याचदा जुन्या घराच्या, जुन्या कामाच्या ओढीने निघतात असं साहेब म्हणाले, म्हणून दादा उद्या प्रेसच्या गल्लीत पुन्हा जातोय, पोस्टर घेऊन. बरेच जण जवळपासच सापडतात, झुडपात, जिन्याखाली, कुणाला दिसणार नाहीत अशा जागी. म्हणून शेजाऱ्यांना परत एकदा त्यांची गच्ची आणि मागची बाजू बघायला सांगा.

मी सहा वर्षांची असताना गर्दीत हात सुटला होता आठवतंय? तुम्ही दोघं शोधत पुढे पुढे गेलात आणि नाना मागे आले, कारण त्यांनीच मला शिकवलं होतं, चुकलीस तर हलायचं नाही, मी येतो. मी हललेच नव्हते. रोज रात्री दिवा घालवताना मला वाटतं ते पण कुठेतरी तसेच बसलेत, न हलता.

बरं. आता ऐका. रात्री दहानंतर बाबांचा फोन आईच्या खोलीत, आवाज बंद करून. काही कळलं तर घरच्या फोनवर मीच करेन, तोच वाजला तर उचला. बीपीची गोळी सकाळचीच, संध्याकाळी आठवली म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. दाराचा दिवा रात्रभर राहू दे, बिलाचं मी बघते. पायरीवरची त्यांची चप्पल आई तू पुसून ठेवतेस ते कर, पण तिचा फोटो कुणाला पाठवू नकोस.

आणि ती खूण. तुम्हाला माहितीये कुठली. ती मी पोस्टमध्ये घातली नाही, फक्त पोलिसांना सांगितलीये, साहेबांनीच सांगितलं की एक गोष्ट मागे ठेवा. ती आत्याला सुद्धा सांगायची नाही. कुणी म्हणालं नाना माझ्याकडे आहेत, तर बाबा, रडायचं नाही, पैसे म्हणायचं नाही, आधी ती विचारायची. सांगता आली तरच मला उठवा, कितीही वाजलेले असू देत.

तुमची
मनू