रजेवरून परतल्यावर तिला कोणते काम मिळते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंपनी कायदा, 2013 मधील कलम 149 मुळे सूचिबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असणे बंधनकारक झाले आणि पुढे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने, बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांत किमान एक महिला स्वतंत्र संचालक असावी, असा नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू केला. ही पावले स्वागतार्हच आहेत. मात्र एका उत्पादक कंपनीच्या वित्त विभागात उमेदवारीपासून विभागप्रमुखपदापर्यंत नोकरी केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, बाईची वाट संचालक मंडळाच्या कितीतरी आधी, कामाच्या वाटपातच अडते.

करविवरणपत्रे, अनुपालन (कायदे-नियमांची पूर्तता), लेखापरीक्षकांच्या शंकांचे निरसन ही कामे जबाबदारीची खरी, पण ती करणारी व्यक्ती सहसा विभागाबाहेर कोणाला दिसत नाही. ट्रेझरी (कंपनीच्या रोख पैशाचे व कर्जांचे नियोजन), बँकांशी वाटाघाटी, प्रकल्पासाठी निधी उभारणी या कामांत पैशाचे निर्णय घ्यायला शिकता येते, आणि मुख्य वित्त अधिकारी निवडताना हाच अनुभव पाहिला जातो. मुलींना मात्र ‘तुम्ही फार काटेकोर असता’ असे कौतुक करत वर्षानुवर्षे करविवरणपत्रे-अनुपालनाच्याच कामांवर ठेवले जाते. हे कौतुक मला नेहमीच घातक वाटत आले आहे.

मी वित्तव्यवहार खऱ्या अर्थाने शिकले ते कारखान्याच्या फाटकावर. मार्चअखेरीस 31 तारखेची बिले फाडली जातात, पण माल भरलेला ट्रक कधीकधी एप्रिल उजाडल्यावर बाहेर पडतो. बिल, बिल्टी (वाहतूकदाराची पावती) आणि गेट रजिस्टरमधली नोंद शेजारी ठेवली की कोणती विक्री या वर्षाची आणि कोणती पुढच्या, हे बहुधा तिथेच उलगडते. मालाचा ताबा ग्राहकाकडे केव्हा जातो यावर विक्री धरावी, हे इंड एएस 115 हे भारतीय लेखामानक सांगते. पण तो ताबा कुठे नि कसा बदलतो हे स्टोअरमधल्या जुन्या माणसांनी मला दाखवले. खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशाचेही तसेच. बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कंपनीला किती कर्ज उचलता येईल ती मर्यादा, ठरवते ती मालाचा साठा आणि ग्राहकांकडून येणे यांवरून, आणि नव्वद दिवसांहून जुनी येणी सहसा त्यातून वगळते. कोणत्या ग्राहकाचे पैसे का अडकले आहेत, हे ज्याला तोंडपाठ असते त्याचेच म्हणणे बँकेच्या बैठकीत ऐकले जाते. बँकेचे काम मला आपणहून कोणी दिले नाही. मी ते वरिष्ठांकडे लेखी मागितले. तरुण सहकारी मुलींना मी आजही हेच सांगते की, मागणी तोंडी ठेवू नका.

सर्वांत मोठी गळती होते ती बाळंतपणाच्या रजेनंतर. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 26 आठवड्यांची झाली, पण परतलेल्या बाईचे टेबल बदललेले असते आणि तिला न विचारताच, तिच्या सोयीच्या नावाखाली, ‘हलके’ काम दिले जाते. सूचिबद्ध कंपन्यांना वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून साठ दिवसांत जाहीर करायचे असतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तिला रात्री उशिरापर्यंत थांबता येणार नाही, हे कारण पुढे केले जाते. वास्तविक दर महिन्याला खाती नीट बंद केली, ताळमेळ साचू दिले नाहीत, तर त्या दोन महिन्यांतील जागरणे पुष्कळ कमी होतात आणि त्याचा फायदा पुरुष सहकाऱ्यांनाही मिळतो. मी प्रमुख असताना आम्ही हे करून पाहिले आहे.

पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून सक्तीच्या झालेल्या शाश्वतता अहवालात, संचालक मंडळावर व प्रमुख व्यवस्थापकीय पदांवर किती महिला आहेत आणि अपत्यासाठी घेतलेल्या रजेनंतर किती कर्मचारी परतले व टिकले, हे सांगावे लागते. परतलेल्या महिला कोणत्या कामावर आल्या, हे मात्र सांगावे लागत नाही. पूर्वीच्याच जबाबदारीवर परतलेल्यांचा वेगळा रकाना सेबीने या अहवालात घालावा, आणि तोवर कंपन्यांनी ही माहिती आपणहून आपल्या वार्षिक अहवालात द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वित्त अधिकारी, चिंचवड, पुणे