विजेत्यासोबत कॅडीचेही नाव छापावे

मा. संपादक यांस,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर गोल्फ स्पर्धेच्या विजेत्याचा फोटो आला. विजेत्याच्या हातात चषक, आणि त्याच्या डाव्या बाजूला खांद्यावर बॅग घेतलेला एक मुलगा, अर्धा चेहरा चौकटीबाहेर कापलेला. खाली विजेत्याचे नाव आणि पुढे ‘बॅग उचलणाऱ्या मदतनिसासह’ एवढेच छापले होते. तो मुलगा कॅडी आहे, म्हणजे गोल्फ खेळाडूचा कोर्सवरचा साथीदार. मी त्याला ओळखतो, आणि स्पर्धेचे चारही दिवस मी प्रेक्षकांच्या दोरीबाहेर उभा राहून त्याचे काम पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

मी येरवड्याचा. 1974 साली, बाराव्या वर्षी, शाळा सुटल्यावर गोल्फ कोर्सवर जाऊ लागलो आणि गुडघ्याने साथ सोडली तोवर, म्हणजे 2016 पर्यंत, हेच काम केले. आधी आगेवाला, म्हणजे पुढे जाऊन बॉल कुठे पडतो ते पाहणारा पोरगा. मग साहेब लोकांच्या बॅगा. शेवटची सतरा-अठरा वर्षे व्यावसायिक खेळाडूंबरोबर स्पर्धांमध्ये.

बॅग उचलावी लागते, हे खरेच आहे. चौदा क्लब (बॉल मारायच्या काठ्या), बॉल, छत्री, पाणी, रेनसूट धरून वजन पंधरा किलोच्या पुढे जाते आणि अठरा होलमध्ये, म्हणजे कोर्सच्या एका फेरीत, आठ-नऊ किलोमीटर चालणे होते, तेही ओळीने चार दिवस. पण तेवढे ओझे कोणीही धडधाकट माणूस वाहील. खेळाडू त्यासाठी कॅडी निवडत नाही.

मला हे काम एका वयस्क कॅडीने शिकवले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. पहिले दोन महिने त्यांनी मला बॅगेला हात लावू दिला नाही. पहाटे माळी पाणी मारत असायचे तेव्हा ते मला मोकळ्या हातांनी कोर्सवर फिरवायचे. एक यार्ड म्हणजे साधारण 91 सेंटिमीटर. त्या मापाची बांबूची काठी त्यांनी तासून आणली होती, आणि माझे पाऊल बरोबर काठीएवढे पडेपर्यंत मला चालवले. बारा वर्षांच्या पोराला ते पाऊल लांब पडते, रात्री मांड्या ठणकायच्या. मग मोजणी सुरू झाली. कडुलिंबापासून ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, पुढच्या काठापर्यंत 138. बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, कडेपासून मागच्या चढापर्यंत 64. आकडा चुकला की परत झाडापाशी.

आता लेझरचे यंत्र होलमधल्या झेंड्यापर्यंतचे अंतर क्षणात दाखवते, त्यामुळे कॅडीचे काम संपले असे काही जण म्हणतात. एक तर काही मोठ्या स्पर्धांत ते यंत्र वापरू देत नाहीत. आणि दाखवले 150 यार्ड, तरी चढावर तेच 150 एका क्लबने लांब होतात. समोरून वारा असेल तर आणखी लांब. डिसेंबरच्या सकाळी गारठ्यात बॉल उडत नाही. रफमधून, म्हणजे कडेच्या उंच गवतातून, निघालेला बॉल ग्रीनवर थांबत नाही, पुढे पळतो. शिवाय मागच्या होलवर तीन पट (ग्रीनवरचे हलके फटके) लागल्याचा राग खेळाडूच्या मनगटात अजून आहे का, तो नेहमीपेक्षा भरभर चालतो आहे का, सकाळपासून त्याने काही खाल्ले आहे का, हे सगळे त्या 150 मध्ये धरावे लागते. मी चार-पाच होल झाले की न विचारता केळे पुढे करायचो.

कॅडींमध्ये एक जुनी शिकवण आहे: वेळेवर ये, मागे राहू नको, तोंड उघडू नको. पहिल्या दोन गोष्टी मी पोरांना जशाच्या तशा शिकवतो. तिसरी शिकवत नाही. बोलावेच लागते, फक्त कधी ते कळावे लागते.

एका स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर माझ्या खेळाडूने आठ नंबरची आयर्न मागितली. सात नंबरने बॉल त्याहून लांब जातो. मी म्हणालो, “सर, सात घ्या. झेंडा लुळा पडलाय, पण वर झाडांचे शेंडे बघा.” ते म्हणाले, “नाही काका, आठच.” मी आठ नंबर काढून दिला, आणि लाइन सांगितली, “डाव्या झाडाच्या शेंड्यावर. मारा बिनधास्त.” क्लब त्यांच्या हातात गेला की तो माझाही निर्णय झाला. मनात शंका ठेवून मारलेला बरोबर क्लब हा मन लावून मारलेल्या चुकीच्या क्लबपेक्षा जास्त नुकसान करतो, हे मी चाळीस वर्षे पाहिले आहे. बॉल बंकरमध्ये गेला. त्यांनी तो बाहेर काढला, मी रेक घेऊन वाळू सारखी केली. सात नंबरचे नाव मी त्या दिवशी काढले नाही, रात्री जेवतानाही नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोर्सवर तसाच वारा होता. तेव्हा क्लबला हात लावण्याआधी त्यांनीच विचारले, “काका, शेंडे काय म्हणतात?” मला मिळालेल्या सगळ्या बक्षिशीपेक्षा ते वाक्य माझ्यासाठी मोठे आहे.

अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सवर 1982 पर्यंत मास्टर्स स्पर्धेत खेळाडूंना तिथलाच कॅडी घ्यावा लागत असे. त्यांतले एक कार्ल जॅक्सन. नियम बदलला, तरी बेन क्रेनशॉ यांनी त्यांना सोडले नाही. 1995 च्या स्पर्धेच्या तोंडावर क्रेनशॉ यांचे गुरू हार्वी पेनिक वारले. सराव सोडून ते अंत्यविधीला जाऊन आले. खेळ तर आधीपासून बिघडलेला होता. जॅक्सन यांनी सरावात बघून दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: बॉल पायांमध्ये थोडा मागे घ्या, आणि खांदे जरा आवळून फिरवा. त्या आठवड्यात क्रेनशॉ 43 व्या वर्षी मास्टर्स जिंकले. शेवटचा पट गेल्यावर ते वाकून रडू लागले आणि जॅक्सन यांनी त्यांना सावरले, तो फोटो माझ्या मुलाने मला मोबाइलवर काढून दिला आहे. त्यात दोघेही पूर्ण दिसतात. बिघडलेल्या खेळात शंभर दोष दिसतात, त्यांतले नेमके दोन निवडून बाकीचे पोटात ठेवायला किती धीर लागतो, ते ज्याने बॅग धरली आहे त्याला कळेल.

कॅडीचे नाव छापून येते, पण बहुधा चूक झाली तर. 2001 च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल लिदम कोर्सवर, शेवटच्या दिवशी इयान वूसनम संयुक्त आघाडीवर होते. तिथला पहिला होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, त्यामुळे ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, काढावा लागला नाही. त्या होलवर त्यांनी बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. दुसऱ्या टीवर, म्हणजे दुसरा होल सुरू होतो त्या जागी, कॅडी माइल्स बर्न यांच्या लक्षात आले की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत, एकूण पंधरा क्लब. नियम चौदाचा. दोन स्ट्रोकचा (फटक्यांचा) दंड झाला, आणि वूसनम संयुक्त तिसरे राहिले. कॅडीच्या चुकीचा दंड खेळाडूला भरावा लागतो, हे आमच्या कामातले सर्वांत जड ओझे आहे. मी रोज हॉटेलच्या खोलीत एकदा आणि पहिल्या टीवर एकदा, क्लबला बोट लावून मोजायचो. बर्न यांचे नाव दुसऱ्या दिवशी जगभर छापले गेले. ते छापले याबद्दल माझी तक्रार नाही. पण दर रविवारी चौदा क्लब बरोबर मोजून पहिल्या टीवर जाणाऱ्यांचीही नावे असतात.

आपल्या देशात तर कॅडींचा इतिहास छापण्यासारखा आहे. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता. 2009 मध्ये तीच स्पर्धा जिंकणारा मुनियप्पा बेंगळुरूचा कॅडी. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक एका स्ट्रोकने कांस्यपदकाला मुकली, चौथी आली, तेव्हा त्या उन्हात तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. आमच्या पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकमध्ये खेळला.

पैशाबद्दल थोडक्यात लिहितो. परदेशातल्या मोठ्या दौऱ्यांवर आठवड्याचे मानधन आणि बक्षिसात टक्केवारी, विजेत्याच्या कॅडीला साधारण दहा टक्के, अशी पद्धत आहे. इथे बहुतेक पोरांना बॅग लागली तर त्या दिवसाचे पैसे, पावसाने कोर्स बंद राहिला तर काही नाही. त्यावर स्वतंत्र बातमी आपल्या वार्ताहराने करावी, अशी विनंती आहे.

आता फोटोतल्या मुलाबद्दल. तिसऱ्या दिवशी अकराव्या होलवर त्याच्या खेळाडूचा बॉल उंच गवतात गेला. पूर्वी शोधायला पाच मिनिटे मिळत, 2019 पासून तीनच मिळतात. न सापडला तर एक स्ट्रोकचा दंड आणि परत मागून मारायचे. सगळे डावीकडे गवत उलटसुलट करत होते. हा मुलगा बॉल उडाल्यापासून दूरच्या एका पळसावर डोळा लावून होता. त्याने मान खाली घातली नाही, कोणाशी बोलला नाही, पळसाच्या रोखाने नाकासमोर चालत गेला आणि थांबला. बॉल त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर होता. ती स्पर्धा एका स्ट्रोकने जिंकली गेली.

2021 मध्ये हिदेकी मात्सुयामा मास्टर्स जिंकले, तेव्हा त्यांचे कॅडी शोता हायाफुजी यांनी अठराव्या होलमध्ये झेंड्याची काठी परत ठेवली, टोपी काढली आणि रिकाम्या फेअरवेकडे, म्हणजे होलपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याकडे, वळून वाकून नमस्कार केला. ते टीव्हीवर पाहताना मला अण्णा आठवले. ते पहिल्या टीवर जाण्याआधी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावायचे. त्यांचे नाव कधीच कुठे छापून आले नाही.

पत्राखाली माझे नाव छापू नये. एका ओळीची जागा निघत असेल तर फोटोतल्या मुलाचे नाव छापावे. ते सोबतच्या चिठ्ठीत शुद्ध लिहून दिले आहे, आडनावातला ‘ळ’ कृपया बघून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त कॅडी, येरवडा, पुणे