पाइप कापण्याआधी एवढं वाच

फोंडा, गोवा
18 जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि हेडरचं, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जोडणीचं, रेखाचित्र दोन्ही मिळालं. "याच मापाचा कर, वेल्डिंग तुझ्याच हातचं हवं," असं लिहिलंयस. करीन. तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी करणार? पण या मापाचा नाही करणार. का ते नीट सांगतो. पाऊस लागून राहिलाय, हातात कामही थोडं आहे, तेव्हा सवडीने लिहितोय.

तू पाठवलेला हेडर फोर-वन आहे, म्हणजे चारही पाइप एकदम एकात मिळणारा, पाइप 42 मिलिमीटरचे. तो 7000 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर धावणाऱ्या इंजिनाचा अंगरखा आहे. तुझी मारुती एस्टीम माझ्यासारखीच, 1298 सीसीची. बंद मैदानावरच्या ऑटोक्रॉस शर्यतीला तू ती 3500 ते 5500 मध्येच खेळवतोस. वळणातून बाहेर पडताना ओढ हवी असते आणि नेमकी तिथेच ती मरेल. जाड पाइपात धूर मंदावतो, मग पुढच्या धुराला ओढून नेणारं मागे काही उरत नाही.

मूळ गोष्ट एवढीच आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून पुढे धावते. पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथून ती उलटते, आणि उलटताना दाबाची ओढ होऊन परत येते. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात, तेव्हाच ही ओढ पोचली तर जळका वायू निघून जातो आणि ताजं मिश्रण आत खेचलं जातं. 5500 ला क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) एक फेरी जेमतेम 11 मिलिसेकंदांत संपते. म्हणून लांबी ठरवायची ती तुला ओढ कुठल्या आरपीएमला हवी त्यावरून. दुसऱ्याच्या गाडीचं माप इथे कामाचं नाही.

मी काय केलं ते सांगतो. क्रँकला डिग्री व्हील (अंश मोजायची चकती) लावलं, व्हॉल्व्हवर डायल गेज धरला आणि एक्झॉस्ट कधी उघडतो ते मोजलं. माझ्या कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) उत्तर आलं, बीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी खाली असतो त्या बिंदूच्या, 55 अंश आधी. त्यात 180 मिळवले की 235. मग आपल्या धंद्यातलं जुनं सूत्र: 850 गुणिले 235, भागिले आरपीएम, वजा 3, उत्तर इंचांत. 5500 धरून 33.3 इंच आले. पाइपाचा आतला व्यास 32 मिलिमीटरच्या आसपास बसला. तुझे 42 किती मोठे ते बघ! सूत्र म्हणजे देवाचा शब्द नव्हे, पण सुरुवात चुकीच्या गावातून होत नाही.

रचना मी फोर-टू-वन घेतली, म्हणजे चार पाइपांचे आधी दोन आणि मग दोनांचा एक. आपल्या इंजिनाचा फायरिंग क्रम 1-3-4-2, म्हणून 1 आणि 4 ची जोडी, 2 आणि 3 ची जोडी. जोडीतले दोन स्फोट बरोबर एका फेरीच्या अंतराने येतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पहिले पाइप 15 इंच, उरलेले 18 जोडीच्या पाइपात. वरच्या टोकाची थोडी ताकद जाते, पण मधला भाग भरून येतो.

पाइप 304 स्टेनलेसचा, दीड मिलिमीटर जाडीचा घेईन. इथल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खाऊन जातं, आणि त्यावर उष्णतेची पट्टी गुंडाळली तर ओल आत धरून आणखी लवकर. वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन वायू सोडीन. नाहीतर आतल्या बाजूला साखरेसारखी खरखरीत काळी पपडी धरते.

आता माझी चूक ऐक. ती तुला टाळता यावी म्हणूनच खरं तर हे पत्र लिहितोय. फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी हेडरची जाड पट्टी, मी टेबलावर मोकळी ठेवून वेल्ड केली. जुन्या सिलिंडर हेडला बोल्टने आवळून करायला हवी होती. गाडी लावली तर कमी आरपीएमला मिश्रणाचा मीटर सारखा 15-16 दाखवायचा, म्हणजे एक भाग पेट्रोलला 15-16 भाग हवा, पेट्रोल कमी. मी पेट्रोल वाढवत गेलो. प्लग काळेकुट्ट, गाडी गुदमरलेली, आणि मीटर मात्र अजून पेट्रोल कमीच आहे म्हणतोय. तीन रविवार यात गेले.

चौथ्या रविवारी सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि टिकटिक ऐकू आली. गरम होताच ती बंद झाली. गाडी बंद केली, हेडर काढला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पोर्टच्या मधे गॅसकेटवर काजळीचं बोटभर पीस उमटलं होतं. फ्लँजवर सरळ पट्टी धरली आणि 0.3 मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सहज आत सरकला. त्या फटीतून दोन स्फोटांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जात होती. मीटरच्या सेन्सरला तोच ऑक्सिजन दिसत होता आणि मी त्यावर विश्वास ठेवून इंजिनाला पेट्रोल पाजत होतो. तेव्हापासून मी आधी प्लग बघतो, मग मीटर.

फ्लँज घासून सपाट केली, पेट्रोल पुन्हा मूळ जागी आणलं. पूर्ण थ्रॉटलला 12.8 ते 13 वर गाडी खूश आहे. 4500 च्या आसपास इग्निशन (ठिणगीची वेळ) दोन अंश मागे घ्यावं लागलं, कारण सिलिंडर स्वच्छ झाल्यावर मिश्रण भरभर जळतं. सड्यावरच्या मोकळ्या जागेत दुसऱ्या गिअरला 3000 ते 5000 चा वेळ जाता-येता तीन-तीनदा घेतला. पाव सेकंद वाचला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वळणातून निघताना पायाखाली गाडी जागी असते. ते अनुभवायला तुला इथेच यावं लागेल.

एक मात्र कर. जुना बीडाचा मॅनिफोल्ड (हेडरच्या जागी असलेला कंपनीचा भाग) फेकू नकोस. हेडरची गाडी ट्रेलरवरूनच मैदानावर ने. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि आपल्या गल्लीत म्हातारी माणसं झोपलेली असतात.

तुझ्या कॅमचं माप काढून पाठव. डिग्री व्हील नसेल तर माझं कुरिअरने धाडतो. माप आलं की पाइप कापायला घेतो. गणेश चवथीला ये, दोघं मिळून बसवू. आई तुझी वाट बघते आहे, पातोळ्या करून ठेवीन म्हणाली.

तुझाच,
फोंड्याचा मित्र