चालू होतोय का ते बघू नकोस

पिल्लू,

लॅपटॉपवर चहा सांडला म्हणून फोनवर तू इतकी रडत होतीस की मी बोलत होतो त्यातलं निम्मं तुझ्यापर्यंत पोचलंच नसणार, म्हणून हे लिहून पाठवतोय. नीट वाच आणि वाचून होईपर्यंत त्या पॉवर बटणाला हात लावू नकोस. आई मागून विचारत होती, ओरडलात का तिला म्हणून. नाही ओरडलो, माझ्या हातून जे झालंय ते बघता मला ओरडायला तोंडच नाहीये.

तू लहान होतीस तेव्हा, तुला आठवत नसेल, माझ्या पहिल्या लॅपटॉपवर पाण्याचा ग्लास कलंडला होता. नुसतं पाणी हं. मी फडक्यानं पुसला, पंख्याखाली ठेवला, आणि तासाभरात राहवेना म्हणून चालू करून बघितला तर झाला की चालू! मी एकदम खूश, दोन दिवस मस्त काम केलं त्याच्यावर, तिसऱ्या दिवशी एकच अक्षर आपोआप उमटत सुटलं आणि मग बंद पडला तो कायमचाच. दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवला तर चार्जिंगच्या भागात हिरवट पांढरं काहीतरी साचलेलं, बुरशी धरावी तसं. त्यानं एवढंच विचारलं, ओला असताना चालू केलात ना? मी काय बोलणार.

तेव्हा मला कळलं की नुसत्या पाण्यानं लॅपटॉप मरत नाही, पाणी आणि करंट एकत्र आले की मरतो. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते, पण नळाच्या पाण्यात क्षार असतात, आणि तुझ्या चहात तर दूध, साखर सगळंच. ओलं असताना करंट मिळाला की आतल्या बोर्डवरचं (चिप्स बसवलेली पाटी असते ना, तिच्यावरचं) तांबं विरघळून इकडचं तिकडे जायला लागतं, तेच ते शाळेतलं इलेक्ट्रोलिसिस. शॉर्ट होऊन एखादी चिप उडाली तर ते लगेच कळतं तरी, हे मात्र गुपचूप चालू राहतं. आणि लॅपटॉप बंद केला तरी आत बॅटरी जोडलेली असते ना, त्यामुळे काही भागांना थोडा करंट मिळतच असतो, नाहीतर बटण दाबलेलं त्याला कळलं कसं असतं?

तू बटण दाबून धरून बंद केलास आणि चार्जर काढलास हे बेस्ट केलंस. (पुढच्या वेळी, म्हणजे पुढची वेळ येऊच नये, पण चार्जर भिंतीवरच्या स्विचपासून आधी बंद करायचा आणि मग कोरड्या हातानं काढायचा.) आता तो उघडून, कीबोर्ड खाली येईल असा, तंबू ठोकल्यासारखा टॉवेलवर उभा ठेव. हलवून झटकू नकोस, झटकलं की जे कीबोर्डमधे अडकलंय ते बोर्डवर जातं. हेअर ड्रायर अजिबात नको, गरम हवेनं पाणी आणखी आत ढकललं जातं आणि प्लास्टिक वाकतं ते वेगळं.

आणि तू म्हणालीस मैत्रिणीनं तांदळात ठेवायला सांगितलं आणि तू ठेवलासही. काढ बाई तो आधी बाहेर! तांदूळ आतलं पाणी ओढून वगैरे काही घेत नाही, उलट त्याची पीठी आणि कण्या पोर्टमधे जाऊन बसतात. आयफोन तांदळात ठेवू नका असं ॲपलच २०२४ पासून सांगतंय, आणि लॅपटॉपला तर फटी कितीतरी जास्त.

दोन-तीन दिवस वाळू द्या मग चालू करा, असं लोक सांगतील. नुसतं पाणी असतं तर एखाद्याचं नशीब साथ देतंही. चहाचं तसं नाही, पाणी उडून जातं आणि साखर नि दूध चिप्सच्या खाली चिकटून बसतं, ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि तांबं विरघळायचं काम सुरूच राहतं. त्यामुळे वाट बघत बसू नकोस, उद्या सकाळीच दुरुस्तीवाल्याकडे जा आणि त्याला म्हण की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन काढा, मग बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, ९९ टक्केवालं, ते ७० टक्केवालं नको कारण त्यात उरलेलं पाणीच असतं. हा उद्योग घरी करायचा नाही, ते पटकन पेट घेतं.

त्याच्याशी खोटं बोलू नकोस प्लीज. "अचानक बंद पडला" असं सांगून काही उपयोग नाही, बऱ्याच लॅपटॉपमधे आत छोटे पांढरे स्टिकर असतात, ओल लागली की लाल होतात, उघडल्या उघडल्या त्याला दिसणारच. काय सांडलं, किती, साखर होती का, सगळं सांग, त्यावरून कुठे कसं साफ करायचं ते ठरतं. वॉरंटीत हे सहसा बसत नाही, घेताना अपघाताचं वेगळं कव्हर घेतलं असेल तरच, ती पावती मी शोधतोय.

तुझ्या प्रोजेक्टचं म्हणशील तर बोर्ड गेला म्हणजे फाईली गेल्या असं नसतं. बऱ्याच लॅपटॉपमधे एसएसडी, म्हणजे फाईली साठवणारी च्युइंगगमएवढी एक पट्टी असते, स्क्रू काढला की निघते, दुसऱ्या मशीनला लावून फाईली काढता येतात. काहींमधे मात्र ती बोर्डलाच सोल्डर केलेली असते, तुझं मॉडेल कुठलं ते मला कळव, मी बघतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं फाईलींना लावलेलं कुलूप, चालू असेल तर दुसऱ्या मशीनवर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे आहे का ते आज रात्रीच मोबाईलवर बघून ठेव.

रात्रीत तो गरम लागला, वास आला किंवा खालचं पॅनल फुगल्यासारखं दिसलं तर बॅटरी बिघडलेली असू शकते, उशाशी ठेवून झोपू नकोस, जळणारं काही जवळ नसेल अशा जागी ठेव आणि किती वाजलेत ते न बघता मला फोन कर.

आणि तो तांदूळ शिजवू नकोस गं.

बाबा